व्हॅनिलाचा पैसा वेलीत नाही, हातात आहे

व्हॅनिलाचा सुवास आइस्क्रीममुळे घराघरांत पोहोचला आहे. पण तो एका ऑर्किडच्या शेंगेतून येतो, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ही वेल नारळ-सुपारीच्या सावलीत वाढते. गोव्यात फोंड्याच्या मसाल्याच्या बागांत ती पाहायला मिळते. म्हणून श्रीवर्धन-मुरुडकडचे काही बांधव, विशेषतः आखातातून चार पैसे घेऊन परतलेले, विचारतात, "वाडीत व्हॅनिला लावावी काय?" आम्ही कापडाचे व्यापारी, शेतकरी नव्हे. पण तेजी-मंदी ओळखतो, म्हणून दोन शब्द.

प्रथम भावाकडे पाहावे. जगातील बहुतेक व्हॅनिला मादागास्कर बेटावरून येते. एप्रिल २००० मध्ये तेथे मोठे चक्रीवादळ झाले आणि भाव चढू लागले. २००३ च्या सुमारास केरळ-कर्नाटकात हिरव्या शेंगेला किलोमागे तीन हजार रुपयांच्या वर भाव मिळाला. लोकांनी कर्ज काढून वेली लावल्या. थोड्याच वर्षांत तोच भाव शंभराच्याही खाली आला. वेलीचे तुकडे विकणारे मात्र तोवर आपला नफा बांधून मोकळे झाले होते. २०१७ च्या वादळानंतर पुन्हा तीच तेजी आणि मग तीच घसरण झाली. त्यात स्पर्धा कृत्रिम व्हॅनिलिनशी आहे. ते १८७४ सालीच जर्मनीत तयार झाले. रेशमाच्या बाजारात आर्ट सिल्क आले तेव्हा काय झाले, हे आम्हाला सांगायला नको.

लागवड अवघड नाही. मोठा पाऊस ओसरल्यावर मीटरभर लांबीचा तुकडा गिरिपुष्प किंवा पांगाऱ्याच्या बुंध्याशी लावावा. निम्मी सावली, दमट हवा आणि मुळाशी पालापाचोळा हवा. पाणी साचले की वेल कुजते. वेल हाताच्या उंचीवर वळवून खाली सोडावी. साधारण तिसऱ्या वर्षी फुले येतात.

खरी परीक्षा येथून सुरू होते. फूल एकच दिवस उमलते, आणि आपल्याकडे त्याचे परागीकरण करणारा कीटक नाही. मेक्सिकोबाहेर शेंग धरेना म्हणून जग हैराण होते. १८४१ साली रीयुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने मार्ग दाखवला. बारीक काडीने फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा. आजही जगभर हेच करतात. सराईत हात सकाळभरात हजारावर फुले उरकतो. त्या मुलाच्या युक्तीवर मळेवाले धनवान झाले. तो स्वतः १८८० साली गरिबीत वारला.

शेंग पिकायला आठ-नऊ महिने लागतात, आणि हिरव्या शेंगेला सुवास नसतो. ती सुमारे ६५ अंश गरम पाण्यात तीन मिनिटे बुडवतात, घोंगडीत गुंडाळून घाम काढतात, रोज थोडे ऊन देतात, मग सावलीत सुकवून पेटीत महिनोन् महिने मुरवतात. सहा किलोचा एक किलो होतो. किंमत येते ती येथे. हा शेतीचा नव्हे, कारागिरीचा भाग आहे. हिरवी शेंग विकणारा भावाच्या दयेवर असतो. मुरवलेला माल मात्र नीट ठेवला तर टिकतो, आणि मालकाला थांबता येते.

चोरीच्या भीतीने किंवा आगाऊ रकमेच्या मोहाने कच्ची शेंग तोडणे हा या धंद्याचा जुना रोग आहे. फळ पक्व होण्याची चिन्हे दिसण्याआधी ते विकण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. त्यातली हिकमत येथे डोळ्यांना दिसते.

तेव्हा आमचा सल्ला असा. व्याजाचे कर्ज काढून एकरभर लागवड करू नका. "रोपे आमची घ्या, माल आम्हीच विकत घेऊ," म्हणणाऱ्याला लेखी करार मागा आणि मागच्या खरेदीच्या पावत्या पाहा. सुपारीच्या वाडीत पन्नास वेली लावा आणि घरच्या माणसांना काडीचे व मुरवण्याचे काम शिकवा. दहा घरे मिळून मुरवणी करा, नफा-तोटा वाटून घ्या. ज्या हाताने फूल लावले त्याची मजुरी वेळेवर द्या. एडमंडचा हक्क बुडाला, आपल्या वाडीत कोणाचा बुडू नये. बरकत त्यातच आहे.