काकू अडाणी नाहीत, मशीन अडाणी आहे

परवा काकूंना पिंगळीहून शहरात बँकेत घेऊन गेलो. पासबुक भरून घ्यायचं होतं. काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता बोट दाखवलं, "तिकडं मशीन आहे, तिथं करा."

काकूंनी पासबुक घातलं. मशीननं गुरगुर करून बाहेर टाकलं. परत घातलं, परत बाहेर. स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली आणि मी वाचेपर्यंत गेलीसुद्धा. पान चुकीचं उघडलं होतं, एवढंच. पण बरोबर पान कोणतं, हे मशीन सांगेल तर ना! मागून एक जण म्हणाला, "ओ मावशी, येत नाही तर कशाला हात लावता?" काकू गप बाजूला झाल्या.

आता गंमत बघा. याच काकूंनी २०२४ च्या विधानसभेला कुणालाही न विचारता मत दिलं. (ईव्हीएम खरं की खोटं हा वाद इथं नको, त्यासाठी वेगळी पोस्ट टाका. मी फक्त मांडणीबद्दल बोलतोय.) नाव, फोटो, चिन्ह आणि त्याच ओळीत निळं बटण. दाबलं की लाल दिवा, व्हीव्हीपॅटच्या काचेत ७ सेकंद चिठ्ठी, लांब बीप. झालं. दिसत नाही त्यांच्यासाठी ब्रेल. चिन्हं तर १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून आहेत. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असायची आणि तिच्यावर चिन्ह. शिवाय मतदानाआधी यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवतात ते वेगळंच.

हे का जमलं? कारण मतदार आत एकटा असतो. शेजारी सांगायला माणूस उभा करता येत नाही, म्हणून यंत्र सोपं करावंच लागलं.

बाकी सगळीकडं "कुणीतरी सांगेलच" हे धरून चालतात. रेल्वेच्या तिकीट मशीनपाशी तर तिकीट काढून द्यायला कमिशनवर माणूस नेमतात, बहुधा निवृत्त कर्मचारी. तिथं एकवेळ ठीक. पण एटीएममध्ये "जरा काढून द्या हो" म्हणत कार्ड आणि पिन अनोळखी माणसाच्या हातात देणारी म्हातारी माणसं मी स्वतः पाहिलीत. कार्ड बदलून फसवणारे अशांचीच वाट बघत असतात. म्हणजे स्क्रीन समजली नाही की नुसता वेळ जात नाही, कष्टाचे पैसे जातात.

फार काही मागत नाही. आधी मराठी, आणि तीही बोलतो तशी. "व्यवहार अवैध" म्हणजे पैसे गेले की राहिले? पान कसं धरायचं त्याचं चित्र मशीनवरच काढा. माणूस वाचतोय तोवर स्क्रीन पळू देऊ नका. चुकलं तर "तुमचे पैसे कापलेले नाहीत" हे मोठ्यानं सांगा, कारण बटण दाबायची खरी भीती तीच असते.

आणि मशीन बसवायच्या आधी ते बनवणाऱ्यांनी एकदा पिंगळीला यावं. काकूंना मशीनपुढं उभं करावं आणि दहा मिनिटं काहीही न बोलता नुसतं बघावं. चहापाणी आमच्याकडं.