गॅरेजमधून : रेशमाला फुंकर

गेल्या अंकात आम्ही बर्फ काढायच्या मशीनचं रडगाणं गायलं होतं. या वेळी तेच मशीन कोपऱ्यात ढकलून सौ.नं गॅरेजमध्ये टेबल मांडलं, त्यावर बबल रॅप अंथरलं आणि जाहीर केलं, "लेक कॉलेजला निघालीय. तिला स्कार्फ करून देणार. नूनो फेल्टिंग!"

आम्हांला आधी हा जपानी खाण्याचा पदार्थ वाटला. तसं नाही. 'नूनो' म्हणजे जपानी भाषेत कापड. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात पॉली स्टर्लिंग आणि साचिको कोताका या दोघींनी ही पद्धत रूढ केली. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. कोमट पाणी, साबण आणि रगडपट्टी मिळाली की तंतू पुढे सरकतात, एकमेकांत अडकतात आणि मग मागे फिरत नाहीत. ('दोन वर्षांनी परत जाऊ' म्हणून आलेल्या आपल्या मंडळींसारखेच!) नुसत्या लोकरीचं हे केलं की काश्मिरी नमद्यासारखं जाड प्रकरण होतं. नूनोत हे तंतू पातळ कापडाच्या आरपार घालवायचे. लोकर आटते, रेशीम आटत नाही; म्हणून रेशमाला सुंदर चुण्या पडतात.

प्रश्न एवढाच, की रेशीम कुठलं घ्यायचं? सौ. म्हणाली, "दुकानात कशाला जायचं? माळ्यावर बॅग भरून साड्या आहेत." एम.एस. करून इतकी वर्षं झाली तरी नमुना घेतल्याशिवाय कशाला हात न लावायची आमची खोड गेलेली नाही. म्हणून प्रत्येक कापडाचा ३० सेंटिमीटरचा चौकोन घेतला आणि त्यावर सारखीच, अगदी विरळ मेरिनो लोकर पसरली.

रेशमाचं वजन 'मोमे' या मापात सांगतात. १ मोमे म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३ ग्रॅम. तीन-चार मोम्यांची जाळीदार गॉझ सर्वांत चटकन जमली. सहा ते आठ मोम्यांचं शिफॉनही छान. चुण्या बारीक आणि गळ्याला मऊ. पाच मोम्यांच्या हाबोताईनं दुप्पट वेळ खाल्ला, पण चुण्या ठसठशीत दिल्या. जाड सॅटिननं मात्र लोकरीला दारातच उभं केलं. पैठणीच्या ब्लाऊजपीसचा उरलेला तुकडाही सौ.नं मन घट्ट करून दिला. अर्धा तास रगडलं, आणि लोकर दुधावरच्या सायीसारखी अलगद उचलून हातात आली! वीण घट्ट, वर जर. तंतू जाणार कुठून?

तेव्हा वाचकहो, किंमत बघू नका. कापड तोंडाशी धरा आणि फुंकर मारा. पलीकडच्या तळहाताला वारा सहज लागला तर घ्या. लागला नाही तर साडी नेसायला ठेवा.

आता खरी गोष्ट. बॅगेच्या तळाशी आईची निळी साडी होती. बाबांनी पहिल्या बोनसमधून घेतलेली, 'अस्सल रेशमी शिफॉन'. बाबा गेल्यावर आईनं ती सौ.च्या हवाली केली होती. फुंकर आरपार गेली. सौ.चा हात कात्रीकडे गेला आणि आम्ही म्हणालो, "थांब!" नमुना घेण्याचं निमित्त होतं, पण खरं सांगायचं तर धीर होईना. शेवटी पदराच्या आतला एक धागा काढून जाळून पाहिला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राख उरते, ती बोटानं चुरडते. हा धागा वितळला आणि त्याची टणक गोळी झाली. पॉलिएस्टर!

दोन दिवस आम्ही गप्प. बाबांना दुकानदारानं फसवलं होतं, की बाबांनी आईला? तिसऱ्या दिवशी डोंबिवलीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "आई, ती निळी साडी कापली तर चालेल का गं? आणि अजून एक, ती..." पुढचं घशातच अडकलं.

"रेशमी नाही, हेच ना?" आई म्हणाली. "पहिल्या धुण्यालाच कळलं होतं मला. दोरीवर टाकली तर क्षणात वाळली! पण ह्यांना इतका आनंद झाला होता, की म्हटलं राहू दे. तीस वर्षं प्रत्येक लग्नात 'रेशमी' म्हणून मिरवली. खुशाल काप. नातीच्या गळ्यात तरी जाईल."

पॉलिएस्टरमधून लोकर जाते का? वीण मोकळी असेल तर जाते, फक्त थोडी सवड लागते. नमुन्याचा ३० सेंटिमीटरचा चौकोन आटून २० झाला. म्हणजे १५० बाय २५ सेंटिमीटरच्या स्कार्फसाठी २२५ बाय ३८चा तुकडा हवा. (प्रत्येक कापडाचं हे गणित वेगळं, नमुना चुकवू नका!) तासभर हलक्या हातानं चोळलं, मग गुंडाळी करून लाटण्यासारखं लाटलं. लोकर चिमटीत धरली की खालचं कापडही उचललं जाऊ लागलं, तेव्हा समजलो, धरलं बरं का!

ऑगस्टमध्ये लेक निघाली. उकाड्यातही तिनं स्कार्फ गळ्यात घातला आणि आजीला व्हिडिओवर दाखवला. "आजी, सिल्क आहे ना हे?"

आजीनं आमच्याकडे पाहिलं. "हो तर," ती म्हणाली, "तुझ्या आजोबांनी घेतलेलं."

आम्ही काही बोललो नाही. उरलेली साडी घडी घालून बॅगेत परत गेली आहे. पुढच्या अंकात भेटूच. तोवर बर्फ पडलेला असेल आणि ते मशीन पुन्हा रुसलेलं असेल!