पद्मावती बोटीचा आगवाला आणि साहेबाची टोपी

गेल्या वर्षी भीमजयंतीच्या तयारीची बैठक होती. अलिबाग ते महाड या पट्ट्यातली आमचीच एक वस्ती, नाव सांगत नाही. कार्यक्रमपत्रिकेत एका पोराचे नाव होते. पोरगा होड्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डरच्या हाताखाली काम करतो आणि रॅप लिहितो. त्याने एक सोंग बसवले होते. डोळ्यांवर वेल्डिंगचा गॉगल, डोक्यावर पुठ्ठ्याची साहेबी टोपी, अंगावर काजळी. तो 'पद्मावती' बोटीचा आगवाला झाला होता, म्हणजे बोटीच्या पोटात बसून बॉयलरमध्ये कोळसा ओढणारा. वरच्या डेकवर बाबासाहेब बसलेत, हा खाली घामाने निथळतोय, आणि बोटीवर कोण चढलेय म्हणून घाबरलेल्या सनातन्यांची नक्कल करतोय. आम्ही तालमीला हसून लोळलो होतो.

बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले, "बाबासाहेबांच्या कार्यक्रमात सोंग नको." दुसरे म्हणाले, "हे टोपी-गॉगल काय, सर्कस आहे का?" नाव कापले गेले. त्या जागी डीजेचा अर्धा तास वाढवला. आणि आम्ही, समाजशास्त्राची पदवी घेऊन सांस्कृतिक राजकारणावर भाषणे देणारे, त्या बैठकीत गप्प बसलो. हा लेख त्या गप्प बसण्याचा हिशेब आहे.

पोराने हे कुठून उचलले? मोबाइलवरून. इंग्लंडात ब्रायटन नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. तिथला पॉल अल्बरो हा रॅपर 'प्रोफेसर एलिमेंटल' या नावाने गातो. डोक्यावर सोला हॅट, अंगावर खाकी शिकारी पोशाख, बोलणे जुन्या इंग्रजी प्रोफेसराचे. तऱ्हेवाईक यंत्रे बनवणारा एक चक्रम संशोधक, असे त्याचे पात्र आहे. चहावरचे त्याचे 'कप ऑफ ब्राऊन जॉय' गाणे गाजले. 2010 साली 'फायटिंग ट्राउझर्स' आले. त्यात त्याने 'मिस्टर बी' या दुसऱ्या सुटाबुटातल्या रॅपरला अंगावर घेतले. अमेरिकेतले रॅपर एकमेकांची आईबहीण काढतात. हा गडी प्रतिस्पर्ध्याची पँट आणि त्याचे छोटे तंतुवाद्य काढतो. पुढे दोघांनी मिळून गाणेही केले. त्याच वर्षी त्याचा 'द इंडिफरन्स इंजिन' हा अल्बम आला. चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाच्या 'डिफरन्स इंजिन' नावाच्या गणकयंत्रावरची ती कोटी आहे. मोठ्या कंपनीच्या जोरावर नव्हे, तर व्हिडिओ आणि छोट्या जत्रा-मेळाव्यांच्या जोरावर या माणसाने वर्षानुवर्षे आपला प्रेक्षक टिकवला आहे. हे शिकण्यासारखे आहे.

या सगळ्या थाटाला 'स्टीमपंक' म्हणतात. हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने 1987 साली काढला. वीज आणि संगणकाऐवजी जग वाफेवरच पुढे गेले असते तर? या कल्पनेवर पितळी चाके, गॉगल, उंच टोप्या आणि राणी व्हिक्टोरियाच्या काळचे कपडे घालून लोक खेळ करतात. गंमत आहे, नाही कोण म्हणतो.

पण मित्रहो, वाफ फुकट तयार होत नाही. कोळसा कुणी ओढला? प्रोफेसरच्या गोष्टींत जेफ्री नावाचा एक बटलर आहे आणि तो वानर आहे. आता हसायचे की थांबायचे? साहेबाच्या बंगल्यात स्वयंपाक, झाडलोट, घोडे, बूट ही कामे कोण करत होते? सवर्णांना बाटण्याची भीती होती, म्हणून आपल्यापैकी कितीतरी लोक त्या बंगल्यांत शिरले. तिथेच कुणाला दोन अक्षरे मिळाली, कुणाला पलटणीत भरतीची वाट मिळाली. तो नोकर वानर नव्हता. तो आपला पणजोबा होता. चहाचेही तसेच. आसामच्या मळ्यांत छोटा नागपूरच्या आदिवासींना नेऊन राबवले, तेव्हा तो 'ब्राऊन जॉय' कपात आला. आणि आमच्या गावच्या हॉटेलात तोच चहा आपल्या लोकांना वेगळ्या कपात मिळायचा, जो पिऊन झाल्यावर स्वतः विसळून ठेवावा लागे. चहावर गाणे करायचे तर आमच्याकडे दुसरे कडवे तयार आहे.

प्रोफेसरवर आमचा राग नाही. तो फुगलेल्या इंग्रजाचीच टर उडवतो, स्वतःला वेडा ठरवून घेतो. स्टीमपंकवाल्यांमध्येही हे प्रश्न विचारले गेले आहेत. डायना फो ही व्हिएतनामी वंशाची अमेरिकन लेखिका 2009 पासून 'बियाँड व्हिक्टोरियाना' या नावाने लिहीत आली. तिचे म्हणणे, वाफेचे युग फक्त लंडनच्या दिवाणखान्यात घडले नाही. आमच्या वेल्डर पोराने तिचे नावही ऐकलेले नाही, पण त्याने तेच केले. टोपी साहेबाची ठेवली आणि गोष्ट बॉयलरजवळ आणली.

ही गोष्ट काल्पनिक आहे का? 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली, चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, नंतर आपल्या लोकांवर हल्ले झाले. 4 ऑगस्टला महाड नगरपालिकेने तळे खुले करणारा आपला आधीचा ठराव मागे घेतला. मग डिसेंबरची सत्याग्रह परिषद ठरली. 24 डिसेंबरला बाबासाहेब आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी मुंबईहून निघाले ते मोटारीने नव्हे, 'पद्मावती' या आगबोटीने. दुसऱ्या दिवशी दुपारी सावित्री खाडीतल्या दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सुमारे पाच मैल चालत महाडला गेले. त्याच रात्री मनुस्मृती जळाली. परिषदेच्या मांडवासाठी सवर्ण जागा देईनात, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाची जागा मिळाली.

म्हणजे मनुस्मृती जाळणारे हात वाफेवर बसून आले होते! बोटीला जात नव्हती असे नाही, पण तिकीट काढले की यंत्र सगळ्यांना सारखेच ओढत होते. आगगाडीचेही तेच. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तेव्हा एकाच डब्यात कोण कुणाला शिवले याची चिंता करणारेही शेवटी त्याच बाकावर बसले. पण वाफेनेच सगळे सुटले असे म्हणणाऱ्यांना गिरणीत न्यायला हवे. मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत, तरी विणकाम खात्यात आपल्या लोकांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. आधुनिक यंत्र आणि तोंडाचा विटाळ एकाच खोलीत सुखाने नांदत होते. एवढा मोठा विनोद कुठल्या स्टीमपंक लेखकाला सुचला असता? या किनाऱ्याला बोटीचे दुःखही माहीत आहे. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. घराघरांत अजून ते नाव घेतात. 'पद्मावती'चे नाव मात्र आपल्याच पोरांना माहीत नाही. ते त्या एका पोराने शोधून काढले, आणि आम्ही त्याचे नाव कापले.

आता ज्येष्ठांच्या बाजूने. त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावणार नाही, कारण त्यामागे इतिहास आहे. तमाशाचा सोंगाड्या, नाची, ढोलकीवाला हे बहुतेक आपल्या आणि मातंग, कोल्हाटी समाजातले. हसणारे मात्र पाटलाच्या ओट्यावरचे. आपल्या बायकांचे शरीर आणि आपल्या पुरुषांचे बावळटपण हा त्यांचा करमणुकीचा माल होता. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळातून चळवळीला पैसे देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी नाकारले, ही हकीकत चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. पवळासारख्या महार स्त्रियांना नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. शैलजा पाईक यांनी 2022 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांवर 'अश्लील' हा शिक्का कसा बसला आणि त्या माणूसपणासाठी कशा झगडल्या हे तपशिलाने मांडले आहे. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला सोंग पाहून अंगावर काटा येतो, तो उगाच येत नाही.

पण त्याच काळात दुसरेही घडले. नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. सत्यशोधकांनी वाट दाखवली होतीच. तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. गणपतीचे वंदन गेले, गौळण गेली, बाईला नाचवणे गेले. सोंगाड्या राहिला! फक्त आता तो पाटलाला हसवत नव्हता, भटजी आणि सावकाराला कोंडीत पकडत होता. गावोगावच्या निरक्षर माणसाला मंदिर, पाणी, महारकी हे विषय भाषणाने जेवढे कळले, त्याहून जास्त या हशातून कळले. कोण हसतो आणि कुणाला हसतो, एवढाच प्रश्न आहे. सोंग वाईट की चांगले हा प्रश्नच चुकीचा आहे.

याच वाटेवर पुढे शाहीर संभाजी भगत आहेत. पाचगणीजवळच्या महू गावचा हा माणूस मुंबईत आला, आव्हान नाट्य मंचात गायला लागला, पुढे 'कोर्ट' चित्रपटाचे संगीत केले. 2012 साली त्यांच्या कल्पनेतून 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक आले. लेखन राजकुमार तांगडे, दिग्दर्शन नंदू माधव, आणि मंचावर जालन्याकडचे शेतकरी कलाकार. यम महाराजांना घेऊन जातो, पण विचारांची पगडी पृथ्वीवरच राहते, आणि मग ती कुणाच्या डोक्यावर बसते याचा शोध सुरू होतो. म्हणजे जुना काळ आजच्या मोहल्ल्यात उतरवायचा, टोपीवरून विनोद करायचा आणि इतिहासाचे मालक म्हणवणाऱ्यांना घाम फोडायचा. स्टीमपंक हा शब्द न उच्चारता स्टीमपंकचे सगळे काम झाले, तेही इंग्रजांचे कपडे न घालता. रायगड ज्यांच्या उंबऱ्यात आहे, ज्या किल्ल्यावर जोतीरावांनी 1869 साली महाराजांची समाधी शोधून साफ केली, त्या आमच्या जिल्ह्यातल्या किती तरुण मंडळांनी हे नाटक पाहिले? आम्ही विचारून पाहिले. हाताच्या बोटांवर.

रॅपचे म्हणाल तर ते परके आहे हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. ब्राँक्समधल्या काळ्या पोरांनी 1973 च्या सुमारास जे सुरू केले, त्याच्या एक वर्ष आधी आपण त्यांच्याच ब्लॅक पँथरकडून नाव घेऊन दलित पँथर काढली होती. आपले उसने-पासने जुने आहे. आज तमिळनाडूत अरिवू आहे, ओडिशातून सुमीत सामोस आला, मुंबईत 'स्वदेसी'ची पोरे आरेच्या जंगलासाठी आदिवासी नेते प्रकाश भोईर यांच्यासोबत 2019 मध्ये उभी राहिली, अमरावतीचा सौरभ अभ्यंकर टीव्हीच्या स्पर्धेपर्यंत पोहोचला. यांच्यात आग आहे. हसू कमी आहे, आणि त्याबद्दल आम्ही त्यांना दोष देत नाही. रोज अत्याचाराची बातमी येते तिथे हसणे सोपे नाही. पण शत्रू आपल्या संतापाला सरावला आहे. संतापाचे कलम त्याला लावता येते. हशाचे काय करायचे हे त्याला अजून नीट कळलेले नाही.

आणि एक गोष्ट, जी बैठकीत बोलायला हवी होती. बाबासाहेबांचा सूट हे तरी काय होते? ज्याने अंगावर धड कपडा घालू नये, दागिना घालू नये असे स्मृती सांगत होती, त्याने तीन तुकड्यांचा सूट घातला. त्यात विनोद नव्हता, पण समोरच्या सनातन्याची जी फजिती झाली ती विनोदाहून कमी नव्हती. वेशाने माणसाची जागा बदलते हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? पुठ्ठ्याची टोपी घालणारा पोरगा याच शाळेतला आहे.

पोराला आम्ही पावसाळ्यात भेटलो. माफी मागितली. तो फार बोलला नाही. म्हणाला, "दादा, अर्ध्या तासाच्या डीजेत तुम्ही पण नाचलात की." खरे आहे, नाचलो होतो. 25 डिसेंबरच्या मनुस्मृती दहन दिनासाठी आता वाचनालयाच्या खोलीत तालीम सुरू आहे. समितीची परवानगी अजून मिळालेली नाही, बैठक पुढच्या रविवारी आहे. आम्ही दोन सूचना केल्या. त्यातली बायकांवरची एक कोटी काढायला लावली, ती वाईटच होती. आणि शेवटी फत्तेखान घालायला सांगितले, तर तो म्हणाला की आगवाल्यालाच दासगावात उतरवून महाडपर्यंत चालवतो, वाटेत फत्तेखान भेटतील. जुनी टोपी पावसात भिजून लगदा झाली आहे. कुणाच्या घरी आजोबांची खरी सोला हॅट माळ्यावर पडली असेल तर कळवा, परत देऊ.