पुसता येणारी रेघ

कला महाविद्यालयांत आणि दिवाळी अंकांच्या कार्यालयांत एक तक्रार हमखास ऐकू येते. टॅबलेटवर काढलेली चित्रे म्हणे सगळी एकाच हाताची वाटतात. कागदाला पोत असतो, शाईला स्वभाव असतो. काचेवरून घसरणाऱ्या पेनाला कसला आलाय स्वभाव? चुकले की दोन बोटे टेकवायची, रेघ नाहीशी. जिथे चुकीची किंमतच मोजावी लागत नाही, तिथे चित्रकाराची स्वतःची शैली घडणार कशी?

ही तक्रार रेघेवर मनापासून प्रेम करणाऱ्या लोकांची आहे, म्हणून ती झटकून टाकता येत नाही. पण ती चुकीच्या जागी बोट ठेवते.

एकसारखेपणा खराच आहे. २०१७ च्या सुमारास 'बक' या डिझाइन संस्थेने फेसबुकसाठी 'अलेग्रिया' ही चित्रपद्धती बांधली. लांबलचक हातपाय, इवलेसे डोके, निळी-जांभळी कातडी, सपाट रंग. बघता बघता बँकांच्या, विम्याच्या, शिकवणीच्या अ‍ॅपवर त्याच घाटाची माणसे बागडू लागली. मात्र पुष्कळ चित्रकारांनी एका साच्यात काम करावे आणि कुणाचाही हात वेगळा दिसू नये, ही अशा कामामागची व्यापारी गरज असते. ती टॅबलेटच्या आधीपासून आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्यानंतर देवादिकांच्या चित्रांचा जो पूर आला, त्यात नकला करणारे थोडे नव्हते. त्याचा दोष शिळाछपाईच्या, म्हणजे लिथोच्या दगडावर कसा टाकणार? उलट दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या चित्रकारांची मुखपृष्ठे एकाच काळातली, एकाच धाटणीच्या छपाईतून निघालेली. मुळगावकर तर रंग फवारण्याचे यंत्र सर्रास वापरत. तरीही सही झाकली तरी वाचक दोघांना वेगवेगळे ओळखत असे.

आता पडद्यावरचाच दाखला. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी २००९ मध्ये आयफोनवर 'ब्रशेस' नावाच्या अ‍ॅपमध्ये अंगठ्याने चित्रे काढू लागला, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या ब्रिडलिंग्टनमधल्या घरात पहाटे खिडकीतून उजाडताना दिसे. अंधारात रंग-कुंचले मांडायची सोय नाही, आणि दिवा लावला तर बाहेरचा प्रकाश हरवतो. फोनचा पडदा मात्र स्वतःच उजळलेला. माध्यमाच्या स्वभावातूनच त्याला विषय मिळाला. पुढे आयपॅड आला. २०११ च्या पहिल्या दिवसापासून उन्हाळा लागेपर्यंत त्याने वोल्डगेट या एकाच गावरस्त्याची चित्रे काढली : तीच झाडे, तेच वळण, फक्त ऋतू सरकत गेलेला. त्यांतली ५१ चित्रे मोठ्या आकारात छापून, ३२ कॅनव्हास जोडलेल्या एका तैलचित्रासह, २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली गेली. चित्रांची नावे म्हणजे निव्वळ तारखा. ओल्या रस्त्यावरचा जांभळा, कुंपणाचा झगझगीत हिरवा, पानांच्या जागी ठिपक्यांची भरघोस पेरणी. हे हॉकनीचेच, आणि त्या अ‍ॅपमध्ये ते कुठे तयार ठेवलेले नव्हते. ते रंग भडक वाटणारे टीकाकार आहेत. पण भडक वाटतात तेही हॉकनीचे म्हणूनच.

इथवर वाचून ज्यांना आनंद झाला असेल, त्या दुसऱ्या पक्षालाही चार शब्द ऐकवणे भाग आहे. शैली विकत मिळते असे सांगणाऱ्यांचा हा पक्ष. शाईचे शंभर ब्रश, जलरंगाचे पन्नास ब्रश, आणि वर आठवड्याभरात स्वतःची शैली सापडवून देणारे वर्ग. २०१७ मध्ये अडोबीने ऑस्लोच्या मुंक संग्रहालयाच्या मदतीने नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याच्या जुन्या कुंचल्यांवरून सात डिजिटल ब्रश तयार करवून घेतले आणि फोटोशॉप वापरणाऱ्यांना दिले. काम फार देखणे आणि निष्ठेने केलेले. पण त्या कुंचल्यांबरोबर मुंकची भीती आणि त्याची आजारपणे येत नाहीत. शैली हत्यारात राहते असे टीकाकार मानतात आणि ब्रश विकणारेही तेच मानतात. भांडण दिसते मोठे, चूक दोघांची एकच.

ती चूक सोडली की खरे धोके नीट दिसतात. प्रोक्रिएट या चित्र काढण्याच्या अ‍ॅपमध्ये 'स्ट्रीमलाइन' नावाची सोय आहे. ती हाताचा कंप गिळते आणि रेघ गुळगुळीत करून देते. अक्षरलेखनाला ती उपयोगाची असेल, पण शिकणाऱ्याने ती शून्यावर आणावी. थरथर, घाई, अडखळणे यांतूनच हात ओळखू येतो. पुसण्याच्या सोयीचे तसे नाही. तैलचित्रकार रंग खरवडत आलेच आहेत; जुन्या चित्रांच्या क्ष-किरण तपासणीत आधी रंगवलेले आणि मग झाकलेले हात सापडतात. पुसणे हा निर्णय आहे, आणि काय ठेवले, काय टाकले यावरच शैली उभी राहते. त्यातही पडद्याने एक नवी गोष्ट दिली : चित्र घडतानाची नोंद. हॉकनीच्या प्रदर्शनांत त्याची पडद्यावरची चित्रे रेघेरेघेने उलगडताना लोकांनी पाहिली. आपण कुठे थबकतो, कुठली सवय पुन्हा पुन्हा येते, हे चित्रकाराला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. कागदाने ही सोय कधी दिली नव्हती.

बाकी शैली घडण्याची वाट जुनीच. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा कुठल्याही चित्रशाळेत शिकले नाहीत. ते डायरी काढत. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ च्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपात आल्या. त्यांत गोव्यातली लग्ने, पाद्री, शेजारी, पानापानावर. ती माणसे त्यांनी रोज पाहिली म्हणून ती रेघ त्यांची झाली.

हॉकनीनेही २०१३ च्या वसंतात आयपॅड बाजूला ठेवला आणि त्याच वोल्डगेटची २५ चित्रे कोळशाने काढली. रंग नाही, पडदा नाही, पुसण्याचे बटण नाही. पडद्याने त्याचा हात बिघडवला असता, तर तो या चित्रांत पकडला गेला असता. तिथे दिसतात ती फांद्यांची तीच गुंतागुंत आणि नजरेला आत ओढणारा तोच रस्ता.