पिच शिकवतो, बाजार कोण शिकवणार?

उद्योजकतेचा पेपर शिकवणाऱ्यांचा पहिला तास बहुतेक महाविद्यालयांत ठरलेला असतो. कॅन्टिलॉन, शुंपीटर, मॅक्लेलंड अशा क्रमाने व्याख्या, मग यशस्वी उद्योजकाचे गुण. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो आणि विद्यार्थी जिद्द, आत्मविश्वास, जोखीम घेण्याची तयारी असे मुद्दे लिहून मोकळे होतात. या तासामागे एक इतिहास आहे. डेव्हिड मॅक्लेलंड हे मानसशास्त्रज्ञ. 1964 साली त्यांनी काकिनाड्याच्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग संस्थेत आणून त्यांची 'साध्य-प्रेरणा' वाढवता येते का, याचा प्रयोग केला. आपल्याकडच्या उद्योजकता प्रशिक्षणाची वीण पुढे बरीचशी याच धाग्याने झाली. त्यामुळे उद्योजक कसा घडतो, याचे उत्तर आपण त्याच्या डोक्यात शोधत राहिलो. दुकान उघडायला किती सह्या लागतात, भाव कोण ठरवतो, धंदा बुडाला तर बाहेर पडायची वाट आहे का, हे प्रश्न अर्थशास्त्र विभागाकडे गेले. तिथे ते मागणी-पुरवठ्याच्या आलेखात विरले.

या महिन्याचा अंक बेंगळुरूवर काढण्याचे कारण हेच. ज्या शहराचे नाव घेऊन आपण विद्यार्थ्यांना स्टार्टअपची स्वप्ने दाखवतो, त्याची पाळेमुळे आपल्या टिपणांत येतच नाहीत. बेंगळुरूची भारतीय व्यवस्थापन संस्था 1973 साली सुरू झाली ती मुख्यत: सार्वजनिक उद्योगांना व्यवस्थापक मिळावेत म्हणून. शहरच तेव्हा आयटीआय, एचएमटी, बीईएल, एचएएल यांचे होते. संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांचा आवडता संशोधनविषय होता बैलगाडी. जू, चाक आणि बेअरिंग सुधारले तर देशाच्या वाहतुकीत केवढी बचत होईल, हे ते आकडे मांडून सांगत. आजच्या कुठल्याही पिच स्पर्धेत हा विषय पहिल्याच फेरीत बाद होईल, आणि त्यात नुकसान स्पर्धेचे असेल. त्याच आवारात आज इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक, एन. एस. राघवन यांच्या नावाचे उद्योजकता केंद्र आहे. सार्वजनिक उद्योगांसाठी काढलेल्या संस्थेत नवउद्योगांचे केंद्र कसे आले, हा एकच प्रश्न सत्रभर पुरेल.

पण त्याहून बोलके उदाहरण मनगटावरचे आहे. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बेंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली. पुढची दोन दशके लग्नात जावयाला द्यायचे घड्याळ म्हणजे एचएमटीच. स्पर्धा म्हणावी तर चोरट्या आयातीची. मग 1984 मध्ये टायटन स्थापन झाली आणि काही वर्षांतच तिची क्वार्ट्झ घड्याळे दुकानांत आली. क्वार्ट्झ एचएमटीकडेही होते. चावीच्या घड्याळांवरची भिस्त तिला सोडवेना. 2016 मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. 'सरकारी कंपनी हरली, खासगी जिंकली' असे सांगून इथे तास संपवणे सोपे आहे. तो संपवू नका. टायटन टाटांची खरी, पण तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाशी भागीदारी करून उभी राहिलेली. कारखाना बेंगळुरूपासून चाळीसेक किलोमीटरवर, राज्याच्या सीमेपलीकडे होसूरला. घड्याळाचे काम जाणणारी माणसे तिला मिळाली त्यांत एचएमटीत हात बसलेलेही होते. राज्यांनी कारखान्यांसाठी एकमेकांशी स्पर्धा करणे, हाही बाजारच नव्हे का? आणि सार्वजनिक पैशाने तयार झालेले कसब खासगी उद्योगाला मिळाले, त्याचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडायचा? प्रामाणिक अभ्यासकाला हे प्रश्न टाळता येणार नाहीत, मग त्याचा कल कुठलाही असो.

आपल्या मराठी विद्यार्थ्यांना आणखी जवळचे नाव सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचे. विमानांचा कारखाना त्यांनी डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बेंगळुरूत काढला. युद्ध पेटलेले असताना 1942 मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. तीच आजची एचएएल. जिद्द, दूरदृष्टी, जोखीम हे मॅक्लेलंडच्या यादीतले सगळे गुण वालचंदांपाशी होते. गुण असूनही कारखाना हातचा गेला. चरित्र म्हणून हा प्रसंग आपण सांगतो, संस्थांचा अभ्यास म्हणून नाही.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांकडेही एक तक्रार आहे. दुसरी पंचवार्षिक योजना म्हटली की महालनोबिस प्रतिमान फळ्यावर येते. 1955 मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखालील अर्थतज्ज्ञ मंडळात बी. आर. शेणॉय यांनी तुटीच्या अर्थभरण्याविरुद्ध एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली, ती फार थोड्या वर्गांत वाचली जाते. बहुमताच्या बाजूला धनंजयराव गाडगीळ होते, तसेच पुढे 1972 साली बेंगळुरूत सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था काढणारे व्ही. के. आर. व्ही. राव. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला द्या. डॉ. आंबेडकरांचेही तसेच. चलन सरकारच्या मर्जीवर सोडू नये असे 1923 च्या रुपयावरील प्रबंधात म्हणणारे आणि 1947 मध्ये मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी असे सुचवणारे एकच. मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते पहिला ग्रंथ उचलतात, विरोधक दुसरा. शिक्षकाला ही सवलत नाही.

ताजे उदाहरण हवे असेल तर बाईक टॅक्सी घ्या. राज्याचे नियमच नाहीत म्हणून एप्रिल 2025 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही सेवा थांबवण्याचा आदेश दिला आणि जूनमध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर ती बंद करावी लागली. वाद पुढेही चालू राहिला. रिक्षाचालक, दुचाकीवर पोट असलेली मुले, कंपनी, प्रवासी आणि परिवहन खाते अशा पाच बाजू विद्यार्थ्यांना वाटून द्या. कोणाला स्पर्धा हवी आहे आणि कोणाला फक्त आपल्यापुरता प्रवेश, हे त्यांना अर्ध्या तासात कळेल.

पुढच्या अंकांसाठी आम्हाला असेच पाठ हवे आहेत आणि ते आपापल्या गावचे असावेत. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. तिथपासून आजच्या वीजदरापर्यंतची गोष्ट कोणीतरी लिहायला हवी. बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांशी, बाजार समितीतल्या अडत्यांशी, गाळा बंद करून गेलेल्या कारखानदाराशी बोला. परवान्यांच्या प्रती, दरपत्रके, जमा-खर्च जोडा. यशोगाथा पाठवू नयेत, त्या आमच्याकडे भरपूर पडून आहेत.