चौकशी नव्हे, विचारपूस

दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर रसदीची मालमोटार चालविणारा जेरोम मोटो नावाचा एक तरुण अमेरिकन सैनिक होता. घर हजारो मैल दूर आणि उद्याचा भरवसा नाही, अशा दिवसांत त्याला मायदेशाहून एका तरुणीची पत्रे येत असत. ती त्याची वाग्दत्त वधू वगैरे नव्हती. जुजबी ओळख झालेली एक मुलगी, एवढेच नाते. पत्रेही साधीसुधी. पण इतक्या दूरवर कुणाला तरी आपली आठवण आहे आणि त्या बदल्यात आपल्याकडून काहीच नको आहे, ही गोष्ट त्या सैनिकाच्या मनात कायमची घर करून राहिली.

युद्धानंतर मोटो मानसोपचारतज्ज्ञ झाले आणि सॅन फ्रान्सिस्को येथे काम करू लागले. आत्महत्येच्या उंबरठ्यावरून परत आलेली माणसे त्यांच्यासमोर येत. इस्पितळात काही दिवस उपचार होत, मग सुट्टी मिळे. पुढे सल्ल्यासाठी येत राहा, असे सांगितले की पुष्कळजण मान डोलवीत आणि पुन्हा फिरकत नसत. काहीजण तर तोंडावर नकार देत. खरे म्हणजे सर्वाधिक धोका यांनाच. पण जो दारच उघडत नाही, त्याच्या घरात शिरायचे कसे?

मोटोंना युद्धातली ती पत्रे आठवली. १९६९ पासून त्यांनी एक प्रयोग सुरू केला. पुढील उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचे कोणतीही निवड न करता दोन गट पाडण्यात आले. एका गटाशी काहीही संपर्क ठेवला नाही. दुसऱ्या गटातील प्रत्येकाला इस्पितळात ज्या व्यक्तीने त्याच्याशी बोलणे केले होते, तिच्याच सहीने पत्र जाऊ लागले. पहिले चार महिने दरमहा, मग आठ महिने दोन महिन्यांनी एकदा आणि त्यानंतर चार वर्षे दर तीन महिन्यांनी. पाच वर्षांत एकूण २४ पत्रे.

पत्रात असे काय होते? जवळजवळ काहीच नाही! तुम्ही इथून गेलात त्याला बरेच दिवस झाले, तुमचे ठीक चालले असेल अशी आशा आहे, कधी चार ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आनंद होईल, अशा अर्थाची दोन-तीन वाक्ये. औषधे घेता का, असा प्रश्न नाही. पुन्हा तपासणीला या, असा आग्रह नाही. उपदेशाचा तर शब्द नाही. मात्र छापील मजकूर कधीच पाठवायचा नाही, दर वेळी पत्र वेगळे टंकलिखित करायचे, आणि त्या माणसाने मध्यंतरी काही लिहून कळविले असेल तर त्याचा उल्लेख करायचा, असा दंडक होता. सोबत उत्तरासाठी पत्ता घातलेले पाकीट असे, पण त्यावर तिकीट मुद्दाम लावलेले नसे. तिकीट लावले की उत्तर पाठवायलाच हवे, असे ओझे वाटते. तेवढेही ओझे त्या जिवावर टाकायचे नव्हते. एवढा बारीक विचार आपल्याकडे लग्नाच्या आमंत्रणाखेरीज कशात होतो, हे आठवून पाहावे लागेल.

हळूहळू उत्तरे येऊ लागली. रुग्ण इस्पितळाबाहेर पडला की तुमची काळजी तिथेच संपत असेल, असे वाटले होते, असे एकाने कळविले. दुसऱ्याने तर चक्क एक शिवी हासडून लिहिले की तुमच्यासारखा चिवट माणूस पाहिला नाही, त्या अर्थी तुम्हाला माझ्याविषयी खरोखरच काही वाटत असले पाहिजे. पत्रांचे यश मोजायचे झाले तर त्या शिवीइतके बोलके माप दुसरे सापडणार नाही.

पण मोटो शास्त्रज्ञ होते. त्यांनी आकडेही ठेवले. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळणाऱ्या गटात आत्महत्यांचे प्रमाण पत्रे न मिळणाऱ्यांच्या सुमारे निम्मे होते. पुढे पत्रे विरळ होत गेली, मग थांबली, आणि दोन गटांमधला फरकही कमी कमी होत अखेर नाहीसा झाला. हा सारा वृत्तान्त २००१ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर इतर देशांतही असे प्रयोग झाले. ऑस्ट्रेलियात आणि इराणमध्ये टपालकार्डे पाठवून पाहिली, तेव्हा स्वतःला इजा करून घेण्याच्या पुनःपुन्हा होणाऱ्या घटना घटल्याचे आढळले. काही ठिकाणी मात्र असा फरक दिसला नाही. तेव्हा कार्ड म्हणजे रामबाण मात्रा नव्हे, आणि औषधोपचारांची जागा तर ते मुळीच घेत नाही. आपल्याकडे अशा मनःस्थितीतल्या माणसासाठी किंवा त्याच्या घरच्यांसाठी १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. ती जरूर वापरावी. परंतु दोन ओळींच्या पत्रालाही वजन असू शकते, एवढे तर मोटोंनी दाखवून दिलेच.

मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे, विचारपूस. त्याच्या शेजारीच दुसरा शब्द उभा आहे, चौकशी. दोन्हीत प्रश्नच असतात, पण चौकशी करणाऱ्याला काहीतरी माहिती हवी असते. निकाल काय लागला? नोकरीचे कुठवर आले? लग्नाचे यंदा तरी जमणार का? सून नांदते ना नीट? यातला कोणताही प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नसतो, तरीही तो ऐकणाऱ्याची मान खाली जाते, कारण प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर लगेच तोललेही जाते. विचारपूस करणाऱ्याला माणसाशी मतलब असतो. 'पुसणे' या क्रियापदाचे मराठीत दोन अर्थ आहेत, विचारणे आणि टिपून घेणे. डोळे पुसतात तेही त्याच शब्दाने.

आजाऱ्याला भेटायला जाणारी आपली मंडळी पाहा. शहाळे असते, केळी असतात, येणाऱ्याचा जीवही खरोखर तुटत असतो. पण खुर्चीवर बसताक्षणी सुरुवात होते ती आजार कसा झाला, आधी का दाखविले नाही, कोणत्या डॉक्टरांचे चालू आहे, खर्च किती येणार इथपासून. मग आपल्या आत्तेभावाला हेच झाले होते आणि तो कसा आठ दिवसांत गेला, ही हकिगत साग्रसंगीत सांगितली जाते. पडलेला माणूस बिचारा 'हो, हो' करीत राहतो आणि पाहुणे गेल्यावर भिंतीकडे तोंड करतो. त्याच्या उशाशी दहा मिनिटे गप्प बसून, त्याचे पांघरूण सारखे करून, 'उद्या येताना चष्मा घेऊन येऊ का?' असे विचारणारा पाहुणा क्वचितच भेटतो.

इस्पितळात आणखीही एक गोष्ट घडते. माणसाचे नाव जाते. घरी ज्यांना नाना किंवा माई म्हणतात, ते तिथे 'सात नंबर' किंवा 'हर्नियाचा पेशंट' होतात. हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर नावाच्या एक तरुण डॉक्टर होत्या. त्या वृद्धांवर उपचार करीत. २०११ साली त्यांना स्वतःलाच दुर्मिळ प्रकारचा कर्करोग झाला. २०१३ मध्ये इस्पितळात दाखल असताना त्यांच्या लक्षात आले की आपल्याला तपासायला, सुई टोचायला येणाऱ्यांपैकी फारच थोडे जण आपले नाव सांगतात. खाट ढकलत नेणाऱ्या एका कर्मचाऱ्याने मात्र आधी स्वतःचे नाव सांगितले, आणि तेवढ्याने त्यांना केवढा दिलासा वाटला! तक्रार करून गप्प न बसता त्यांनी आणि त्यांच्या पतीने एक मोहीमच सुरू केली. रुग्णाजवळ गेल्यावर पहिले वाक्य 'नमस्कार, माझे नाव अमुक' हे असावे, एवढीच मागणी. बिनखर्चाची ही मागणी पाहता पाहता हजारो डॉक्टर-परिचारिकांनी उचलली आणि इतर देशांतही पसरली. ग्रेंजरबाई २०१६ साली वयाच्या ३४ व्या वर्षी गेल्या. स्वतःचे नाव सांगणारा डॉक्टर समोरच्याचे नावही विचारतो आणि एकदा नाव विचारले की त्याला 'सात नंबर' म्हणणे जड जाते, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

'आम्हाला कुठे एवढा वेळ?' हा यावर ठरलेला आक्षेप. तो अगदीच खोटा नाही. शंभर रुग्णांची रांग असलेल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला गप्पा मारत बसा, असे सांगणे हा अन्यायच. पण वेळेचे कारण सर्वांनाच शोभत नाही. गांधीजींचेच पाहा. देशाच्या वाटाघाटी डोक्यावर असताना हा माणूस आश्रमातल्या मुलांच्या पत्रांना उत्तरे देत असे. कुणाच्या पोटाच्या तक्रारीवर आहार सुचवीत असे. उजवा हात दुखू लागला की डाव्या हाताने लिहीत असे. त्यांचे समग्र लेखन इंग्रजीत १०० खंडांत प्रसिद्ध झाले आहे. त्यात राजकारणाइतकीच ही चार-चार ओळींची पत्रे ठायी ठायी भेटतात.

आणि परचुरे शास्त्री. संस्कृतचे व्यासंगी पंडित, पण कुष्ठरोग झालेला. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते आणि रोग्याची सावलीही नको, अशी लोकांची धास्ती. येरवड्याच्या तुरुंगापासून गांधीजींना त्यांची माहिती होती. तिसाच्या दशकाच्या अखेरीस शास्त्रीबुवा सेवाग्रामला येऊन थडकले, तेव्हा त्यांना आश्रमात ठेवून घेण्यात आले. गांधीजी रोज स्वतः त्यांच्या जखमा पाहत, अंगाला मालीश करीत. त्या प्रसंगाचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. छायाचित्रात एक दिवस दिसतो. त्याच्या अलीकडचे नि पलीकडचे दिवस, जेव्हा कुणी पाहायला नव्हते आणि बाहेर महायुद्धाचे वारे वाहत होते, तेव्हाही हे काम चुकले नाही, याचे महत्त्व अधिक आहे.

मोटोंची आकडेवारीही तेच सांगते. पत्रे येत होती तोवर फरक होता. एका दिवसाच्या उमाळ्याने जे होत नाही, ते ठरलेल्या दिवशी न चुकता येणाऱ्या दोन ओळींनी होते. उमाळा आपल्या लोकांना पुष्कळ येतो, कमी पडतो तो नेम.

हल्ली सकाळी मोबाइल उघडला की उगवता सूर्य, गुलाबाचे फूल आणि सुविचार येऊन पडलेले असतात. एकच चित्र दोनशे जणांना. नाव नाही, गाव नाही. याची थट्टा पुष्कळ होते आणि ती बरीचशी रास्तही आहे, कारण सर्वांना पाठविलेले पत्र कुणालाच पाठविलेले नसते. तरी एकट्या राहणाऱ्या एखाद्या आजोबांच्या बाबतीत वेगळा विचार करावा. त्यांच्या लेखी तो सूर्य म्हणजे 'मी उठलो आहे' एवढा निरोप असतो. त्यांना उलट दुसरा सूर्य पाठविण्याऐवजी 'काल गुडघा दुखत होता, आज कसा आहे?' असे विचारायला जास्तीत जास्त अर्धा मिनिट लागतो.

अशा नेमाला गावपातळीवर संघटित रूप देता येते का? केरळने ते करून दाखविले आहे. १९९३ साली कोझिकोडला वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी एक लहानसे केंद्र सुरू झाले. लवकरच डॉक्टरांच्या ध्यानात आले की वेदनेवर गोळी देता येते, पण घरात एकट्या पडलेल्या माणसाच्या बाकीच्या दुःखाला गोळी नाही. त्यातून मलप्पुरम व आसपासच्या भागांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचीच पथके उभी राहिली. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी असे साधे लोक थोडे प्रशिक्षण घेतात आणि दर आठवड्याला काही तास आपल्याच वाडीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जातात. परिचारिका जखम धुते, डॉक्टर औषध लिहितो. हे स्वयंसेवक घरात तांदूळ आहे का, मुलांच्या वह्या आल्या का, रात्रभर जागणारी बायको दुपारी तासभर झोपली का, एवढे पाहतात. पुष्कळदा नुसते बसतात.

रुग्ण गेला तरी काही ठिकाणी हे येणे थांबत नाही. दिवसकार्य होईपर्यंत कुठल्याही घरात माणसांचा राबता असतो. तेराव्यानंतर सतरंज्या गुंडाळल्या जातात, पाहुणे आपापल्या गाडीने निघून जातात आणि घर एकदम मोठे वाटू लागते. त्यानंतरच्या आठवड्यात, नेहमीच्याच वारी, नेहमीच्याच वेळी, तो स्वयंसेवक पुन्हा दाराशी उभा असतो.