सोलचे कंदील आणि जिंजूचा हक्क

३१ जुलै २०१३ रोजी दक्षिण कोरियातील जिंजू शहराचे महापौर ली चांग-ही राजधानी सोलमध्ये आले आणि तिथल्या महापालिकेसमोर निषेधाचा फलक घेऊन एकटेच उभे राहिले. सोलने आपला कंदील-उत्सव थांबवावा, ही त्यांची मागणी होती. साडेतीन लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या शहराच्या प्रमुखाने जवळपास एक कोटीच्या राजधानीच्या दारात जाऊन असे म्हणावे, हे कोरियातही नेहमीचे नव्हते. तो उत्सव आजही भरतो. डिसेंबरच्या कडाक्यात चॉन्ग्येचॉन ओढ्याच्या काठाने हजारो लोक कुटुंबासह तो पाहत चालतात आणि त्यांतल्या बहुतेकांना या वादाची आठवणही नसेल. वाद शमला, पण त्यातला मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. एका लहान गावाने जपलेली रीत मोठ्या शहराने उचलली, तर त्यात काही गैर आहे का?

जिंजूची बाजू आधी ऐकावी, कारण तिच्यामागे सव्वाचारशे वर्षांचे दुःख आहे. १५९२ मध्ये जपानी फौजांनी कोरियावर स्वारी केली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत नाम नदीकाठच्या जिंजू किल्ल्याला वेढा पडला. सेनापती किम सि-मिन यांच्याकडे चार हजारांहूनही कमी सैनिक होते आणि समोरची फौज त्यांच्या कित्येक पट मोठी होती. तरी किल्ला टिकला. त्या वेढ्यात नदीच्या पात्रात दिवे सोडले गेले, असे परंपरा सांगते. शत्रूला रात्री नदी ओलांडता येऊ नये, बाहेरच्या साथीदारांना खूण मिळावी आणि आपण जिवंत आहोत हे घरच्यांना कळावे, हा त्यामागचा हेतू होता. किम सि-मिन मात्र या लढाईत झालेल्या जखमेने गेले. पुढच्या वर्षी किल्ला पडला. सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे ७०,००० माणसे मारली गेली, असे कोरियात मानले जाते. पुढे लोक त्या मृतांसाठी नदीत दिवे सोडू लागले. १९४९ पासून भरणाऱ्या तिथल्या कला महोत्सवात ही रीत टिकून राहिली आणि २००२ मध्ये तिला स्वतंत्र उत्सवाचे रूप मिळाले. ऑक्टोबरात नाम नदीवर तरंगणारा प्रत्येक दिवा जिंजूकरांच्या लेखी त्या मृतांपैकी कुणाचा तरी असतो.

अशा गावाने वर्षानुवर्षे घडवलेली कल्पना राजधानीने अवघ्या महिनाभराच्या अंतराने, नोव्हेंबरात, ओढ्याच्या पाण्यावर मांडली, तर तिथल्या माणसांना काय वाटेल हे समजण्यासारखे आहे. सोलचा उत्सव २००९ मध्ये पर्यटनवाढीच्या मोहिमेचा भाग म्हणून सुरू झाला. तो तात्पुरताच असेल अशी जिंजूची समजूत होती. पुढे तो दरवर्षी भरवण्याचे ठरले, तेव्हा जिंजूचा धीर सुटला. सोलला २० लाखांहून अधिक प्रेक्षक जमवायला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण ते मुळात शहरातच राहतात. जिंजूला मात्र प्रत्येक पाहुणा सोलपासून रेल्वेने साडेतीन तासांचा प्रवास करवून आणावा लागतो. राजधानीत तेच दृश्य फुकट दिसत असेल, तर तो प्रवास कोण करील?

दुसरीकडे, सोलचा युक्तिवादही हलका नाही. कंदील ही कुणा एका गावाची मिरास नाही. इ.स. ८६६ मध्ये सिल्ला राज्याचा राजा ह्वांगन्योंगसा मठात दिवे पाहायला गेल्याची नोंद कोरियाच्या जुन्या इतिहासग्रंथात आहे, म्हणजे जिंजूच्या वेढ्याच्या सातशे वर्षे आधीची. बुद्धजयंतीच्या सुमारास निघणारी योनदुंगहो ही कंदिलांची मिरवणूक आजही सोलच्या रस्त्यांवरून जाते आणि युनेस्कोने २०२० मध्ये तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. चीन, जपान, तैवान सगळीकडे हीच परंपरा वेगवेगळ्या रूपांत नांदते. हा वारसा सोलचाही आहे, हे नाकारणे इतिहासाला धरून होणार नाही.

शिवाय ज्या जागी हा उत्सव भरतो, तिचाही विचार करायला हवा. चॉन्ग्येचॉन अनेक दशके काँक्रीटखाली गाडलेला होता आणि त्यावरून उंच रस्ता जात होता. तो पाडून २००५ मध्ये ओढा पुन्हा उघडा केला गेला. सुमारे पावणेसहा किलोमीटरच्या या पात्रातले बरेचसे पाणी हान नदीतून पंपाने आणलेले आहे, म्हणून काही जण त्याला खोटा ओढा म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. कचेऱ्यांच्या गर्दीत दबलेल्या शहराने स्वतःसाठी चालायची जागा परत मिळवली आणि थंडीच्या काळोख्या संध्याकाळी तिथे म्हाताऱ्या आजी, पाळीवरून सुटलेले कामगार आणि लहान मुले एकाच काठाने विनातिकीट चालू शकतात, हे सार्वजनिक हिताचे मोठे काम आहे. ज्याला जिंजूपर्यंत जायला सवड किंवा पैसा नाही, त्याने कंदील पाहूच नयेत असे म्हणणेही न्यायाचे नव्हे.

तथापि, कंदील सर्वांचे असले तरी पाण्यावर मोठ्या आकृती मांडून रात्रीचा उत्सव भरवण्याची विशिष्ट पद्धत कोरियात जिंजूने रुजवली, हेही तितकेच खरे. वारसा सामायिक असतो आणि त्याला आकार देणारे कष्ट कुणाचे तरी असतात. या कष्टांना कायद्याचे संरक्षण मिळणे अवघड आहे, कारण उत्सवाच्या कल्पनेवर कुणाचा मालकी हक्क सिद्ध करायचा कसा? म्हणूनच इथे बलवानाच्या संयमाला महत्त्व येते.

जिंजूने स्वतःच्या बचावासाठी पुढे जे केले, तेही या हिशेबात धरले पाहिजे. सरकारी मदत आटत चालली, उत्सवाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, या कारणाने २०१५ मध्ये तिथे १०,००० वॉन प्रवेशशुल्क लावले गेले. बाहेरून फुकट दिसू नये म्हणून नदीकाठाला आडोसे उभारले. लोकांनी ते फार मनाला लावून घेतले आणि आमच्या मते त्यांचा राग बरोबरच होता. ज्या नदीत मृतांसाठी दिवे सोडायचे, तीच गावकऱ्यांच्या नजरेआड करायची? मात्र इतके महागडे काम करणाऱ्या लहान पालिकेने पैसा आणायचा कुठून, या प्रश्नाचे उत्तर टीकाकारांपैकी फार थोड्यांनी दिले. २०१८ पासून प्रवेश पुन्हा मोकळा झाला. खर्चाचा भार अर्थातच कुठे गेला नाही.

दोन्ही शहरांत २०१३ च्या अखेरीस समझोता झाला. सोलने आपल्या उत्सवाचे कोरियन नाव बदलले आणि मांडणीही वेगळी ठेवायचे मान्य केले. पुढे २०२२ पासून उत्सव डिसेंबरात सुरू होऊ लागला आणि जिंजूच्या ऑक्टोबरपासूनचे अंतर आपसूक वाढले. आमच्या अंदाजाने वाद शमवण्यात नावापेक्षा या अंतराचाच वाटा मोठा असावा. पाहुण्याला आता शरदात एक आणि हिवाळ्यात दुसरा असे दोन्ही उत्सव पाहता येतात.

हे सारे तोलून पाहता, सोलने हा उत्सव चालू ठेवावा आणि तो विनामूल्यच ठेवावा, याकडे आमचा कल आहे. बंदीची मागणी जिंजूच्या दुःखाला न्याय देत नाही आणि सोलच्या नागरिकांचे मात्र नुकसान करते. पण नावाची पाटी बदलल्याने सोलचे कर्तव्य संपले, असे आम्ही मानत नाही. जिंजू हे कोरियातल्या रेशमाचे मोठे केंद्र आहे आणि तिथले कारागीर रेशमी कंदीलही करतात. ओढ्याकाठचा ठळक भाग सोलने दरवर्षी त्यांना द्यावा, त्यांच्या कामाची पूर्ण किंमत मोजावी आणि १५९२ च्या वेढ्याची हकिगत तिथे सविस्तर लिहावी. यावर आक्षेप येऊ शकतो: उद्या प्रत्येक गाव असाच वाटा मागेल. तो रास्त आहे. अशा मागण्या एकेक करून तपासाव्या लागतील, काही नाकाराव्याही लागतील आणि त्यासाठी दोन्ही शहरांच्या लोकांना एका टेबलाशी बसून निकष ठरवावे लागतील. जिंजूच्या बाबतीत मात्र पुरावा नदीइतकाच उघड आहे. तिथपासून सुरुवात करायला सोलला पुढच्या हिवाळ्याचीही वाट पाहायची गरज नाही.